ठराव

तिकडं मतमोजणी सुरू झाली तेव्हा
रुकडीत सकाळचं दूध चाललं होतं.
आण्णा फॅट मशीनपाशी, चष्मा नाकावर घसरलेला.
मी रिकामाच. शिरोलीच्या फौंड्रीतली तिसरी पाळी
श्रावणात बंद झाली, एका सहीनं.
सही इथल्या कुणाची नव्हे.
साच्यात उतरणाऱ्या लोखंडाला कळलं नसेल
समुद्रापल्याड त्याच्यावर किती कर बसला;
आम्हाला कळलं, डबा खाताना, मोबाईलवर.

विस्कॉन्सिनहून त्रिशलाचा फोन आला.
"मत दिलं रे. पहिलंच."
आण्णांनी हात पुसले. "तिथंबी दूधच न्हवं?"
"दूधच, आण्णा. गाईचं. पातळ."
"मग आलं कोण?"
"अजून नाही. आणि माझं मत थेट त्याला जात नाही.
आमच्या राज्याची दहा माणसं ठरतात,
ती डिसेंबरात मत घालतात."
"म्हंजे ठरावधारक!"
निवडणुकीच्या विषयावर आण्णा हसले.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

अख्ख्या देशाचे पाचशे अडतीस ठराव.
दोनशे सत्तर ज्याच्याकडं, हार त्याच्या गळ्यात,
मग लोकांची मतं चार कमी का पडेनात.
"आनि त्यास्नी सहलीला कुठं नेत्यात?"
"नेत नाहीत, आण्णा."
हे काही त्यांना पटलं नाही.

आण्णांना नेलं होतं. गोव्याला.
संस्थेचा ठराव त्या साली त्यांच्या नावावर.
तीन दिवस एका हॉटेलात, बाहेर पडायचं नाही.
बाकीच्यांना रस्सा, बाटल्या, पत्ते;
आण्णा दिवस मावळायच्या आत चार केळी खाऊन
खिडकीत बसायचे.
चौथ्या दिवशी बसनं थेट कोल्हापुरात उतरवलं,
मतपेटीसमोर.
गावानं सांगितलेलं चिन्ह एक होतं,
शिक्का पडला दुसऱ्यावर.
का, ते आईलाही कधी कळलं नाही.
पैसे घेतले म्हणाले लोक.
घेतले असते तर गोठ्यावर पत्रा तरी आला असता.
त्या संक्रांतीला आमच्या उंबऱ्यावर
तिळाचा एक दाणा आला नाही.

फोन आता स्पीकरवर. किटल्यांची रांग ऐकत उभी.
"किती वरसं ऱ्हातोय त्यो?" भीमगोंडानं विचारलं.
"चार. फार तर दोनदा निवडून."
"दोनदाच?"
रांगेत जरा हळहळ पसरली.
त्रिशला शाळेत शिकवल्यासारखी सांगत होती:
फौज त्याच्या हुकमात,
पण पैसा मंजूर करायचा सभागृहानं.
न्यायाधीशाचं नाव काढायचं त्यानं,
मान हलवायची सिनेटनं.
त्यांनी केलेला कायदा तो माघारी धाडू शकतो,
मग दोन तृतीयांश माणसं जमवा.
"आपल्या चेअरमनसारखंच की," कुणीतरी म्हणालं,
"फकस्त रणगाडं जास्त."
"आणि माफी," त्रिशला म्हणाली.
"ती देताना कुणाला विचारावं लागत नाही.
एक कागद, एक सही, माणूस मोकळा."

"दुधात पानी घातल्यालाबी?"
रांग हसली.
आण्णांचा हात मशीनवर थांबला होता.
"आनि ठराव फोडल्याला?"

कुणी खोकलंसुद्धा नाही.
"हॅलो? आण्णा, आवाज येत नाहीये."
ट्रकखाली आलेल्या चिपाडासारखा काहीतरी आवाज
माझ्याच घशातून निघाला, शब्द नव्हता तो.

पुढचा नंबर राजमतीअक्काचा.
आण्णांच्या हातात किटली ती देत नाही,
टेबलावर ठेवते आणि रस्त्याकडं बघते,
तेवीस वर्षं.
आजही टेबलावरच ठेवली.
पण रस्त्याकडं बघितलं नाही.
"लाव की आदगोंडा. ऊन चढलं."

"सात पॉइंट दोन," आण्णा म्हणाले,
रोजच्यापेक्षा जरा मोठ्यानं,
आणि पुस्तकात लिहिताना आकडा एकदा खोडला.
मोबाईलच्या नकाशात
त्रिशलाच्या राज्याला अजून रंग आला नव्हता.