दृश्य चौतीस

पहाटे चार ते सहा, मुलुंडच्या सोसायटीत,
बंद पडलेल्या फियाटच्या मागच्या सीटवर
मी कादंबरी लिहिली. सात वर्षं.
वॉचमन काचेवर टिचकी मारायचा,
‘मॅडम, आज कोण मेलं?’
बहुतेकदा कोणीच नाही.
एखादं क्रियापद.

त्यात एक वाक्य होतं:
कमळजा अकरा वर्षं रागावलेली होती.
तेवढंच. पुढचा परिच्छेद.

आता अंधेरीच्या ऑफिसात
पारेख त्याच वाक्यावर पेन्सिल टकटकवतो,
‘हे दिसणार कसं?’
त्याचं चुकत नाही. कॅमेऱ्याला ‘होती’ कळत नाही,
त्याला फक्त ‘आहे’.

ती ताट आपटते. खोडलं.
ती रडते. लिहितानाच लाज वाटली.
तीन आठवडे दृश्य चौतीस कोरं,
आणि फियाट हलवा म्हणून सोसायटीची नोटीस.

मग एका पहाटे, त्याच सीटवरून,
तळमजल्यावरची खिडकी उजळलेली दिसली.
पेडणेकरबाईंनी दोन कप चहा गाळला.
एक उभ्यानंच प्यायल्या.
दुसऱ्यावर साय धरेपर्यंत थांबल्या,
बेसिनमध्ये ओतला,
कप विसळून जागेवर पालथा घातला.
नवरा घरातच होता. घोरणं गाडीपर्यंत येत होतं.

उतरवून काढलं. संवाद नाही.
पारेख म्हणाला, ‘सुचतं कसं तुम्हाला?’

परवा दुधाच्या रांगेत पेडणेकरबाई भेटल्या.
पुस्तक वाचलं म्हणाल्या.
‘तुमची ती कमळजा, किती सोसते हो.
आपल्याच्यानं नसतं झालं.’
मी सुटे पैसे मोजत राहिले.