सालई खुर्द हॉल्ट

बोर्ड अजून उभा आहे. पिवळ्यावर काळं.
समुद्रसपाटीपासून आपण किती उंच, तो आकडा मात्र
बकऱ्यांनी अंग घासून घासून पुसला.
तसंही समुद्राशी आमचं काय देणंघेणं?
आमचं सगळं इतवारीशी.

छोटी लाइन. दोन रुळांत अडीच फूट.
आमच्या मागावरच्या लुगड्याचा पन्हा
याच्याहून मोठा, आई म्हणायची,
आणि हे नागपूरले नेते म्हणे!

बाबा, चिंधूजी निपाने, रेल्वेचे नोकर नव्हते.
हॉल्टचे एजंट. ना टोपी, ना शिटी, ना पेन्शन.
दर सोमवारी इतवारीला जाऊन
रोख मोजून तिकिटं आणायची
आणि खिडकीतून विकायची. शंभरामागे थोडं कमिशन.
उंदरांच्या भीतीनं ती तिकिटं
घरी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात.
म्हणून इतवारीच्या फाटकावर तिकीट तपासनीस
नाव न वाचताच ओळखायचा:
"सालईचे काय बे? बोटाले पीठ लागलं."

सोयी म्हणाल तर
एक रांजण, एक बाक, एक कंदील,
आणि कोणीतरी आणून विसरलेला वजनकाटा.
पोट्टे त्याच्यावर चढून
स्वतःला पार्सल समजत.

गाडी पावणेअकराला आली
तरी तिचं नाव नऊचीच.
बुरडाच्या यमुनाबाईच्या टोपल्या टपावर चढेपर्यंत
फुलझेले ड्रायव्हर इंजिनातून वाकून म्हणे,
"या बाई, आरामात. नागपूर कुठी पळून चाललं?"
एकदा भिवापुरी मिरचीचं पोतं फाटलं
आणि अख्खा डबा उमरेडपर्यंत शिंकत गेला.
एकदा तर, जाऊ द्या.

मग मोठी लाइन होणार म्हणाले.
शेवटच्या दिवशी बाबांनी
उरलेली तिकिटं परत नेली.
बाबूनं दोनदा मोजली. एक कमी.
बाबांनी खिशातून सात रुपये काढून ठेवले,
पावती मागितली नाही.

त्या रात्री जेवताना आईकडे न बघता
एवढंच म्हणाले,
"पीठ चाळून घेत जाजो."
आम्हाला वाटलं, सोंडे झाले असतील.
आईनं तव्यावरची भाकर उलटली.

तिचं माहेर इतवारीला, तेलीपुऱ्यामागच्या बोळीत.
दिवसाला दोनदा गाडी दारावरून जायची
आणि ती वर्षातून एकदा, राखीला.
घरच्या माणसानं तिकीट घ्यायचं म्हणजे
खिडकीबाहेर जाऊन
नवऱ्याकडेच पैसे मोजायचे.

आता इथून गाड्या जातात, थांबत नाहीत.
वाऱ्यानं रांजणाच्या खापऱ्या हलतात,
बकऱ्या दचकायच्याही बंद झाल्या.

परवा तिची चंची उघडली.
सुपारी, दोन लवंगा, आणि जाड पुठ्ठ्याचं
सालई खुर्द ते इतवारी.
तारखेचा शिक्का नाही.
कोणत्याही दिवशी चाललं असतं.
मी ते उलटं केलं, सुलटं केलं,
बोटाकडे बघितलं.
पीठ.