पंगत

दौलतगंजातल्या मंडळाच्या खोलीत संगणक एकच,
तोही कुणाच्या तरी मुलाने
पुण्याला जाताना ठेवून दिलेला.
त्यातला वर्ड हिंदी बोलतो.
'पंक्तियाँ सम्मिलित करें,' मी मोठ्याने वाचलं,
तर पाटणकरकाका चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
याला पंगत कळते होय?

महाप्रसादाची यादी. चार रकाने:
क्रमांक, नाव, पानं किती, पैसे दिले की नाही.
तक्त्यात ओळी आठ. घरं बावन्न.
मी शेवटच्या चौकटीत जाऊन टॅब दाबत बसले,
एक टॅब, एक ओळ,
एक टॅब, एक ओळ,
जसा एखादा नवशिका वाढपी
पानापानाशी वाकून मीठ ठेवत जावा
आणि तोवर पहिल्याने हात धुऊन यावं.

चहा घेऊन आलेला रामवीर कुशवाह
माझ्या खांद्यावरून बघत होता.
दीदी, ऐसे तो रात हो जाएगी.
आठों को पकड़ो, फिर जोड़ो.

आठ धरल्या, आठ आल्या.
सोळा धरल्या, सोळा.
मग वीस मोजून धरल्या, आणि झाली बावन्नची पंगत
एका चहाच्या वाफेत.
म्हणजे कितीही हव्या असोत,
आधी बसलेल्यांच्या खांद्याला हात लावायचा,
तितकेच नवे त्यांच्याखाली येऊन बसतात.
नुसत्या हवेतून कुणी येत नाही.
वाढलं की वाढतं, काका म्हणाले,
आणि स्वतःच्याच कोटीवर
ठसका लागेपर्यंत हसले.

मग गेल्या वर्षीची नावं आणून चिकटवली.
एकोणीस: फाळके, चार पानं. ते आता बंगळूरला.
पुसलं.
तेवीस: कुमुद शितोळे, एक पान, बिनमिठाचं.
काकांनी खिडकीबाहेर पाहिलं.
समोर इस्त्रीवाला कोळशावर फुंकर घालत होता.

मी ओळ धरून डिलीट दाबलं.
नाव गेलं. पान गेलं. बिनमीठ गेलं.
ओळ तिथेच, चारही घरं रिकामी,
पुसून ठेवलेल्या पाटासारखी.

थांबा, बॅकस्पेसने ओळही जाते, मी म्हटलं.

राहू दे. मांडलेलं पान उचलू नये.

छापलं तेव्हा दुसऱ्या पानावर
शेवटच्या तीनच ओळी गेल्या, मथळ्याशिवाय,
कोपऱ्यात उशिरा आलेल्यांसारख्या.
ते दुरुस्त करायचं मला येत नव्हतं,
रामवीरलाही नाही.

ये बीच वाली खाली किसकी है?
त्याने कप गोळा करता करता विचारलं.
काकांनी पेन्सिल घेतली,
पानांच्या रकान्यात एक आकडा काढला: १.
नावाची जागा तशीच ठेवली.
तिखट खातोस ना रे? त्यांनी त्याला मराठीतच विचारलं.

पैसे दिले की नाही,
त्या घरात
मी काही भरलं नाही.