शिशाचं सील

तेव्हा तार सरकारची होती.
भिंतीवरची डबी सरकारची, डबीचा स्क्रू सरकारचा,
आणि स्क्रूवर शिशाचं सील दाबायची पक्कड
माझ्या खिशात.
मी फोल्कमार ड्रेसेल,
कासेलच्या टपाल खात्यातला निरीक्षक.

सत्त्याऐंशीचा नोव्हेंबर. हिलेब्रेख्तबाईंचं बिल
एकाएकी तिप्पट झालं, म्हणून तिसरा मजला चढलो.
त्यांचा पंधरा वर्षांचा एन्नो,
त्याच्या पलंगाखाली
संडासाच्या नळाच्या दोन रबरी चकत्या
आणि चकत्यांत घट्ट रुतवलेला फोनचा रिसीव्हर.
आत काहीतरी रातकिड्यासारखं किरकिरत होतं.
"कुणाशी बोलतोस?"
"उट्रेख्टमधल्या एका यंत्राशी."
"काय म्हणतंय ते?"
"अजून हॅलोच चाललंय."

मी हसलो नाही.
पंचनामा केला, चकत्या पिशवीत घातल्या.
बाईंनी कॉफी विचारली. नियमात बसत नव्हती.

पुढे एक भिंत पडली, मग बऱ्याच पडल्या.
वरून परिपत्रक आलं: तार आता कंपनीची.
जाळं आपसूक वाढतं, आपसूक शहाणं होतं,
आपण मध्ये पडू नये.
पक्कड जमा करा.
केली. तिची पावती अजून आहे माझ्याकडे.

मग पुष्कळ वर्षं सरकार कानांवर हात ठेवून बसलं,
आणि कान दुसऱ्यांनीच लावले.
माझ्या बायकोनं, हेल्गार्डनं, एका रात्री
खोकल्यावरचं औषध शोधलं होतं, एवढंच.
ती गेल्यावर सात महिने
तिच्या नावानं फुप्फुसांच्या जाहिराती येत होत्या.
सांत्वनाची पत्रं तोवर थांबली होती.

आता सरकार परतलंय.
जिने चढत नाही. दंड करतं म्हणे, कोटींत;
माझ्यापर्यंत पोचते ती पानाच्या तळाशी एक चौकट:
चालेल का?
नात युट्टा ब्रसेल्सला याच कामात असते.
एका कलमातल्या "शक्यतो" या शब्दावर
तिचे अकरा महिने गेले. शब्द राहिला.
फोनवर म्हणते, ओपा, वाचत काय बसता, दाबा "स्वीकारा".
मी वाचतो. पेन्सिल घेऊन.
परवा हवामानाच्या पानावर
एकशे सत्तेचाळीस भागीदार मोजले.
तोवर बाहेर गारा पडून गेल्या.

आणि मंगळवारी, दुसरंच काही शोधताना,
माझाच पंचनामा सापडला.
कुणीतरी जुनी दप्तरं स्कॅन करून टाकलीत.
खाली माझी सही, नीटस, जरा गर्विष्ठ.
वर त्या पोराचं पूर्ण नाव, पत्ता, वय.

नाव पुसण्याचा अर्ज असतो, युट्टानंच सांगितलं होतं.
भरायला घेतला.
"संबंधित व्यक्तीशी आपलं नातं":
यादीत होतं, स्वतः. पालक. वकील.
चकत्या नेणारा, असं कुठे नव्हतं.
"इतर"वर खूण केली.
"कारण, थोडक्यात":
पोरगा फक्त हॅलो म्हणत होता.

चौकट लाल झाली, अक्षरं जास्त झाली म्हणून.
"फक्त" खोडला.
मग "पोरगा" खोडून पाहिला,
आणि "फक्त" परत लिहिला.