चाळणीत उरलेलं

रात्री दोनला तुयेतबाईंचं स्वयंपाकघर
नदीत गेलं.
आवाज फार झाला नाही म्हणे.
आधी चूल, मग खारवलेल्या माशांचा रांजण,
मग ती भिंत
जिच्यावर खांगची उंची दरवर्षी कोळशानं मांडलेली.

मेकाँग अशी नव्हती.
घेतलेलं पावसाळ्यात गाळानं फेडायची,
हिशेबाला चोख.
आता बार्ज येतात, दिवे मालवून,
नळीनं तिच्या पोटातली वाळू ओढतात
आणि काठ उभ्या उभ्या
पायातून पोकळ होतो.
सरकारी माणूस लाल झेंडी रोवून गेला.
दुसऱ्या दिवशी झेंडीही गेली.

खांग तिकडे सायगावात,
तेविसाव्या मजल्यावर गिलावा करतो.
पैसे पाठवतो : आई, पक्कं घर बांध.

आज वाळू चाळताना
चाळणीत एक शिंपला राहिला,
नखाएवढा, आतून जांभळट.
असल्याच शिंपल्यांचं सार आई करायची,
आलं जास्त घालून.
मुकादम ओरडला.
खांगनं शिंपला खिशात टाकला, थापी उचलली.

संध्याकाळी फोन झाला.
जेवलास का, पाऊस आहे का,
शेजारच्या बदकांना पिल्लं किती.
स्वयंपाकघराचं तिनं सांगितलं नाही.
शिंपल्याचं त्यानं.