खरं

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येणार होतो, खरं बस चुकली.
आमटी झकास, खरं मीठ कमी.
पुण्याहून आलेल्या दिग्दर्शकाला हे उमगायला
चार दिवस लागले. तोवर त्याला वाटायचं
ही माणसं वाक्यावाक्याला शपथ घेतात.

नंदगडच्या माळावर, जत्रेच्या तिसऱ्या रात्री,
बावीस वर्षं आमचं संगीत नाटक.
दहाचा पडदा साडेअकराला वर जायचा,
वन्समोर घेत घेत तिसरा अंक उजाडायचा.
मी विंगेत, अनसाक्काच्या उजव्या अंगाला, पायपेटीवर.
शेजारी दस्तगीर, मांडीत तबला.
मला दिसायची फक्त तिची पाठ,
अंबाड्यातली अबोली,
टाचेची भेग,
तान घ्यायच्या आधी किंचित उचलला जाणारा डावा खांदा.
तेवढ्यावर मी सूर धरला. बावीस वर्षं.

पहिल्या रांगेत बिडीच्या हलगाहून आलेला निंगाप्पा.
मराठीचं अक्षर कळायचं नाही,
खरं विरहाच्या पदाला टॉवेल भिजवायचा.

मग सिनेमा झाला.
नऊ मिनिटांचं पद अडीच मिनिटांचं झालं.
पेटी पुण्याच्या बंद खोलीत, कानाला डबडी लावून वाजवली.
दस्तगीर म्हणाला, समोर कुणी खोकत नाही बे,
ताल कुणाला देऊ?
अनसाक्का गायली काचेपलीकडं, आणि महिन्यानं
मलप्रभेच्या काठी नुसते ओठ हलवले.
तिथं आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं.
पेटीशिवाय पेटी वाजत होती.

बेळगावात पहिला खेळ.
नंदगडहून दोन टेम्पो भरून माणसं.
पद संपलं तसं मागून कुणीतरी सवयीनं ओरडलं, वन्समोर!
पडद्यावर तोवर पूर आला होता,
कुणाची तरी म्हैस वाहून चालली होती.
लोक हसले. ओरडणारा पण हसला,
खरं उशिरा.

खाली कानडी अक्षरं पळत होती.
निंगाप्पा तीच वाचत राहिला, टॉवेल खांद्यावर कोरडा.
बाहेर आल्यावर म्हणाला, 'ईग तिळीतु.'
आत्ता समजलं म्हणे, ती काय गात होती.
आणि हातातून काहीतरी पडल्यासारखा
जमिनीकडं बघत उभा राहिला.

एवढंच असतं तर मी सांगितलं असतं सगळ्यांना,
नाटक ते नाटक. पान खाऊन, थुंकून, मोकळा झालो असतो.

खरं त्या पदात
कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर गेला, आणि तिथंच थांबला.
मी पहिल्यांदा बघितला.
गळ्याची शीर, वरच्या ओठावरचा घाम,
अंतऱ्यावरून परत येताना मिटलेले डोळे.
मग तिनं ते उघडले
आणि उजवीकडं बघितलं.

नायक डावीकडं होता, घोड्यापाशी.
उजवीकडं नदी, रिकामी वाळू,
आणि चौकटीबाहेर, असलाच तर, छत्री धरलेला पोरगा.

दस्तगीरनं कोपर मारलं.
'बघालीय बघ. नेहमीसारखी.'
नेहमीसारखी म्हणजे?
'दर खेळाला बघायची की, समेच्या आधी.
तू खुळा, पट्ट्यात डोकं घालून.'

दिग्दर्शकाला ती चूक आवडली असावी. ठेवली त्यानं.
थेटरातल्या चारशे माणसांनी बघितलं ते बघणं,
आणि जो तो आपापल्या परीनं
तिथं कुणीतरी बसवून मोकळा झाला.

दोन रांगा पुढं अनसाक्का बसली होती.
मला दिसत होती पाठ. अबोली.
पांढऱ्या केसांत ती जास्तच लाल.
पडद्यावर तान उठली,
आणि खुर्चीत, अंधारात,
डावा खांदा
किंचित वर गेला.

माझा पाय
खालच्या फरशीवर
भाता दाबत होता.