आठाचा उलटा पाढा

सेंट ऑल्बन्समधलं माझं घर आता माझं नाही.
चार वर्षं होतील येत्या ऑक्टोबरात.
राहते मीच.
बॉयलर कुरकुरला की शिव्याही मीच घालते,
पण दर एक तारखेला शर्वरीच्या खात्यात भाडं जातं,
बाजारभावानं. एक पेनी कमी नाही.

वकीलबाई म्हणाल्या होत्या :
घर देऊन टाकलंत आणि त्यातच फुकट राहिलात
तर सरकार म्हणेल, दिलंच नाही.
मला पटलं.
उदक सोडल्यावर
तांब्याला चिकटून राहू नये माणसानं.

मग त्यांनी विचारलं, थेट वंशज?
त्या रकान्यात सवलत होती, बरीच मोठी.
पस्तीस वर्षं मी ल्यूटनच्या इस्पितळात सुईण.
किती डोकी या तळहातांवर आली असतील,
पायाळू, निळी, गळ्याला नाळ गुंडाळलेली,
एक तर कार पार्कात, तिकिटाच्या मशीनशेजारी,
बाप खिशात सुटे पैसे शोधत असताना.
म्हटलं, नाही. थेट नाही.
त्यांनी त्या रकान्यावर रेघ मारली.
पट्टी लावून.

आता फक्त सात वर्षं जगायचं, म्हणाल्या,
इतक्या सहज, जसं आम्ही बायकांना सांगायचो,
आता कळ आली की जोर लावा.
आधी गेलात तर बिल भाचीला.
ताई फोनवर हसली : म्हणजे साडेसातीच की गं!
नाही ताई, इथला शनी
सहा महिने सूट देतो.

पहिली तीन वर्षं काहीच उतरत नाही :
आठ पंचे चाळीस, आठ पंचे चाळीस,
सुई अडकलेल्या तबकडीसारखं.
गेल्या ऑक्टोबरापासून आठ चोक बत्तीस.
पुढे आठ त्रिक चोवीस, आठ दुणे सोळा,
आठ एके आठ.
त्याच्या आधीचं
आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही.

जिना उतरताना कठडा धरते.
दुसऱ्याचे बत्तीस टक्के अंगावर घेऊन
बर्फात चालायचं नसतं.

शर्वरी ॲबरडीनला, समुद्रातल्या विहिरींवर नोकरी.
वर्षातून एकदा येते, घरमालकीण म्हणून,
गॅसचं सर्टिफिकेट घेऊन.
भिंती ठोकते, ओल बघते, वहीत लिहिते.
मी म्हणते, मालकीणबाई, बूट बाहेर.

एरवी आमचं बोलणं होतं ते बँकेतून.
पैसे पाठवताना एक ओळ द्यावी लागते, संदर्भाची.
अठरा अक्षरं, मोकळ्या जागा धरून.
वर्षभर मी लिहिलं : भाडं.
मग एकदा, चुकून म्हणा, ‘गटार तुंबलं’.
रोमन लिपीत, पायमोडकं मराठी.
दुसऱ्या दिवशी तिच्याकडून एक पेनी जमा,
संदर्भ : ‘माणूस पाठवते’.
तेव्हापासून हेच चाललंय.
‘प्लम सगळे किडले’.
‘इथे वादळ’.
‘जेवतेस का’.
‘तू जेवतेस का’.
पेनीनं कायदा मोडतो की काय
हे वकीलबाईंना विचारलेलं नाही.

आज पुन्हा एक तारीख.
तिला सांगायचं होतं की महिनाभर
जिना चढताना डाव्या हाताला मुंग्या येतात,
डॉक्टरांनी कागद दिलाय, वरच्या इस्पितळाचा,
तो फ्रिजवर चुंबकाखाली आहे.
बोटांवर मोजून पाहिलं.
मावत नाही.

मागच्या अंगणात, शेडखाली,
पहाटे काहीतरी वळवळताना दिसलं होतं.
चष्मा लावून, गुडघ्यांवर बसून मोजली.
सुईण कुणी बोलावली नव्हती.

लिहिलं : ‘कोल्हीला चार पिल्लं’.
रोमनमध्ये नेमकी अठरा.
पाठवलं.